बरणीचा तळ

विमलाबाईला निवांत बसलेलं पाहिलं असं शपथेवर सांगणारा माणूस वरठीत मला अजून भेटायचा आहे. तिचा नवरा मंगरू तर म्हणतो, "आमची बाई झोपेतही पाय हालवते. सपनात झाडू मारत असंल." मंगरूचं सगळंच खरं धरायचं नसतं. पण एवढं मी स्वतः पाहिलं आहे, तेही अकरा दिवस, पलंगावर उताणा पडून. त्या वेळी माझ्या एका बाजूला सलाईन होतं आणि दुसऱ्या बाजूला लघवीची पिशवी लटकत होती. प्रोस्टेटचं ऑपरेशन. या वयात माणसाला दुसरं काही मिळत नाही, ऑपरेशनं मिळतात.

स्टेशनवरून कारखान्याकडे निघालं की डाव्या हाताला डॉक्टर अतुल यांचा बारा खाटांचा दवाखाना लागतो. एकच लांब हॉल आहे आणि मध्ये हिरवा पडदा. अलीकडे माणसं, पलीकडे बाया. पडद्यातून दिसत काही नाही, पण ऐकू सगळं येतं. बत्तीस वर्षं मी भंडारा रोड स्टेशनच्या पार्सल ऑफिसात काढली आहेत. बंद खोक्यात काय असेल ते हलवून ओळखायची सवय. पडद्याचं काय घेऊन बसलात.

या हॉलवर राज्य डॉक्टरांचं, असं डॉक्टरांना वाटे. खरं राज्य विमलाबाईचं होतं. डॉक्टरांच्या वडिलांच्या काळात ती झाडलोट करायला लागली, त्याला बावीस वर्षं झाली. आता सगळे तिला मावशी म्हणत. नर्स बदलत, कंपाउंडर बदलत, मावशी तीच. सकाळी सातला शहापूरहून मंगरूच्या मोटरसायकलवर येई आणि आल्या आल्या आधी बाथरूमवर तुटून पडे. बादलीच्या मागे, नळाच्या बुडाशी ओलीत जो गुलाबीसर बुळबुळीत थर धरतो ना, त्याच्याशी तिचं जुनं वैर. ब्रश घेऊन घासत बसे आणि त्याला शिव्या देई, "आला का गा पुन्हा, लाज नाही तुले." मला आधी वाटलं, आत कोणी पेशंट आहे.

आणि तिची दुसरी जहागीर म्हणजे बरणी. ड्रेसिंगच्या ट्रॉलीवर स्टीलच्या झाकणाची काचेची मोठी बरणी, तीत पिवळसर औषध आणि त्यात भिजलेले कापसाचे बोळे. ऑपरेशन झालेल्यांचे टाके, नळीची तोंडं, सगळं त्या बोळ्यांनी पुसायचं. पुसायचं काम नर्सचं, दीपमालाचं. बरणी भरायचं काम मावशीचं. पूर्वी तीत स्पिरिट असे, दीड वर्षापासून हे पिवळं औषध आलं. कॅनमधलं दाट औषध मापाने घ्यायचं, पाणी मिसळायचं, कापूस टाकायचा. मावशीच्या बरणीत कधी कापूस कमी पडला नाही. दीपमाला म्हणे, "मावशीची बरणी म्हनजे अक्षय बरणी हाय."

आता तिच्या घरातली एक गोष्ट सांगतो, म्हणजे पुढचं ध्यानात येईल. विमलाबाई विहारात पहिल्या रांगेत बसणारी. शेजारीण अंगारा घेऊन आली तर तिला दारातच फैलावर घेणारी. पण घरात तांदळाच्या पिंपाचा तळ दिसला की हिचा जीव वरखाली. मूठभर तांदूळ तळाशी राहिलाच पाहिजे, वरून नवा ओतायचा. मुलीच्या, प्रतिक्षाच्या लग्नात आचाऱ्यांनी शेवटचं पोतं झटकायला घेतलं, तर ही भर मांडवात धावत गेली आणि पोत्यातली एक मूठ पदरात बांधून आली. व्याही बघतच राहिले. मी तेव्हा तिला छेडलं होतं, "काय विमलाबाई, तुमी तर हे सगळं मानत नाही." ती म्हणाली, "हे देवाचं नाही बाबूजी. हे सासूचं हाय." तिच्या सासूने बांबूची शेणाने लिंपलेली धानाची ढोली कधी खरवडू दिली नव्हती. ढोली पुरी रिकामी झाली की घराला रिकामं राहायची सवय लागते, असं ती म्हातारी म्हणे. देव सुटला, पण सासू कोणाची सुटली आहे?

तर माझं ऑपरेशन सोमवारी झालं. पडद्यापलीकडे शहापूरची रुखमिणी होती, गर्भाची पिशवी काढलेली. धानाची आठ एकर शेती आणि तलावाजवळचं घर. विमलाबाई तरुणपणी तिच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, रोपं लावायला, रोवणीला जात असे, त्यामुळे दोघींचं अगं-तुगं. माझ्या शेजारी हर्नियावाला तुलाराम, कारखान्यातला क्रेनवाला. तो घोरायचा इतका की कारखान्याचा भोंगा बरा.

बुधवारी रुखमिणीला थंडी वाजून ताप आला. गुरुवारी तुलारामच्या टाक्यांतून पाणी यायला लागलं. शुक्रवारी माझं अंग कणकणू लागलं आणि पिशवीतली लघवी गढूळ दिसली. डॉक्टरांनी औषध बदललं, तरी फरक नाही. मग आमच्या तिघांचे नमुने नागपूरला गेले.

रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टर हॉलमध्ये मधोमध उभे राहिले. मला तेवढ्यावरूनच कळलं, कारण डॉक्टर एरवी पलंगाजवळ येऊन बोलतात.

"तिघांतही एकच जंतू निघाला," ते म्हणाले. "सेराशिया नाव त्याचं. ओलीत राहतो. नळ, बेसिन, साबणाची बाटली, घरातलं बाथरूमसुद्धा. धडधाकट माणसाला सहसा काही करत नाही. पण नळी असली, टाके असले, की त्याला आत शिरायला वाट मिळते. आणि नेहमीची बरीच औषधं त्याला लागत नाहीत. म्हणून तुमचा ताप उतरत नव्हता."

"आला कुठून?" तुलारामनं विचारलं.

"तेच शोधायचं आहे. एकाच वेळी तिघांना म्हणजे आपल्याच इथून. कुठल्यातरी ओल्या वस्तूतून, नाहीतर कोणाच्या तरी हातातून."

हातातून, हा शब्द ज्याच्या त्याच्या कानात अडकला. विमलाबाई दारात फडकं पिळत उभी होती. फडकं पिळून कोरडं झालं तरी ती पिळतच होती.

मग काय विचारता. तिने हॉल डोक्यावर घेतला. पाण्याचे माठ घासले गेले, पडदा धुतला गेला, साबणाच्या बाटल्या बदलल्या. बेसिनखालचा पाइप तिने मंगरूला बोलावून उघडायला लावला. बाथरूममध्ये खिडकीच्या फटीत तो गुलाबी थर सापडला तर ब्रश उंच धरून ती डॉक्टरांकडे गेली, "हा पाहा, साहेब. हाच तो."

डॉक्टर म्हणाले, "असेलही, मावशी. पण दिसतो तोच असतो असं नाही. रंग नसलेला जास्त छळतो."

दोन दिवस ब्लीचिंगच्या वासाने आमचे डोळे चुरचुरत होते. तरी पुढच्या बुधवारी नव्या पेशंटला, अपेंडिक्सवाल्याला, ताप आला. आणि रुखमिणीचा जंतू रक्तात उतरला. डॉक्टरांनी तिच्या घरच्यांना सांगितलं, जंतूला लागू पडणारं नवं औषध सुरू केलं आहे, दोन दिवसांत उतार नाही पडला तर नागपूरला हलवावं लागेल.

घरच्यांत तिची जाऊ होती, आनंदाबाई. देवाने तिला आवाज मोठा दिला आणि कुजबुजायची हौसही दिली, त्यामुळे तिची कुजबुज पडद्याअलीकडे स्पष्ट येई. ती म्हणत होती, "मी त म्हनलं होतं, पानी कोनाच्या हातचं पेऊन राहिली ते पाहाव. हातात काय असते कोनाले माहीत."

रुखमिणीचा आवाज तापाने बारीक झाला होता. "विमलच्याच हातचं पाह्यजे मले. तू गप."

विमलाबाई पलीकडेच होती. तिने तांब्या टेबलावर ठेवल्याचा आवाज मी ऐकला.

दुपारपर्यंत डॉक्टरांचा संशय दीपमालावर बसला. पोरीने भावाच्या लग्नासाठी नखं वाढवली होती आणि अंगठी घातली होती. सगळ्यांची ड्रेसिंग तिनेच केलेली. डॉक्टरांनी तिला विचारलं, "औषध रोज ताजं असतं ना?" दीपमालाने मावशीकडे पाहिलं. मावशी म्हणाली, "हाव. रोज करतो मी." डॉक्टर म्हणाले, "मग उरले हात. दीपमाला, उद्यापासून येऊ नको. चौकशी होईपर्यंत घरी राहा. संध्याकाळी चार वाजता लॅबचा जीवन येतो आहे, तो सगळ्या वस्तूंचे नमुने घेईल." पोर भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि नखं कातरायला लागली. आता कातरून काय उपयोग, पण हातांना काहीतरी काम हवं असतं.

दुपारचे दोन वाजले. भेटीची वेळ संपली, डॉक्टर जेवायला वर गेले, तुलाराम घोरायला लागला. माझा ताप उतरला होता, पण पडून पडून पाठीला मुंग्या आल्या होत्या. नळीमुळे कुशीवर वळता येईना. अशा वेळी माणूस दुसऱ्याकडे बघतो. विमलाबाईने ट्रॉलीवरची बरणी उचलली, पदराआड धरली आणि बाथरूमकडे गेली. नळ सुटल्याचा आवाज आला, मग बंद. ती परत आली आणि बरणी होती तिथे ठेवली. भरलेलीच. थोड्या वेळाने पुन्हा उचलली, पुन्हा गेली, पुन्हा आली. तिसऱ्यांदा निघाली तेव्हा मला राहवेना.

"काय विमलाबाई," मी म्हटलं, "बरणीले फिरायले नेऊन राहिल्या काय? तिचंही ऑपरेशन झालं का?"

ती थांबली. मग जे कधी पाहिलं नव्हतं ते झालं, माझ्या पलंगाजवळच्या स्टुलावर ती बसली. बरणी मांडीवर. पाय मात्र हलतच होता, बरणीतलं औषध डुचमळत होतं.

"बाबूजी, मी खोटं बोलली."

"कोनतं?"

"रोज ताजं करतो म्हनलं. करतो मी ताजं, पर वरून टाकतो. आतलं सांडत नाही. तळाशी बोटभर राहू देतो, चार बोळे राहू देतो, अन् वरून भरतो. दीड वर्ष झालं. ही बरणी पुरी रिकामी मी कधी केलीच नाही."

मी बरणीकडे पाहिलं. मला वाटायला लागलं की माझ्या नळीपाशी आताच काहीतरी वळवळलं. उगाच.

"कॅनवर त लिहून असते," मी म्हणालो, "उरलेलं फेकून द्या म्हनून."

"वाचता येते मले. वाचलं होतं. पर सांडाले हात नाही होत, बाबूजी. भरलं भांडं उपडं करनं मले जमतच नाही. मले वाटे, औषध हाय, औषधात कायचा जंतू? साऱ्या दुनियेत शोधला म्या तो. पाइप खोलला. अन् आज सकाळी बरणी भरताना तळाचा बोळा हाताले लागला, बुळबुळीत. बाथरूमवानी."

मी काय केलं ते लपवत नाही. मी तिला सोपी वाट दाखवली. म्हटलं, "धुऊन टाका न मंग. आता कोनी पाहून नाही राहिलं. बरणी साफ, जंतू साफ, तुमचं नावबी साफ. मी काही ऐकलं नाही."

"तुमी ऐकलं नाही, असं आजवर कधी झालं काय?" ती म्हणाली, आणि क्षणभर नेहमीची विमलाबाई दिसली. मग पुन्हा पाय हलू लागला. "तेच करायले त गेली होती. तीनदा गेली. झाकण खोललं अन् नाकाडोंगरीची गुड्डी आठवली. सिझरवाली. टाके घेऊन घरी गेली ते, परवा. तिचे टाके याच बोळ्यानं पुसले. तिच्यासारखे अजून चार-पाच गेले. मी धुतली त डॉक्टर हातच शोधत राहीन, त्यायले कोन बोलवन? अन् दीपमाला त घरी बसनच."

"मंग सांगा."

"सांगतो. पर आनंदाबाई काय म्हनन?" हे विचारताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही. "तिनं जे म्हनलं ते उद्या शहापुरात घरोघरी जाईन. म्हनतीन, पाहा, हिच्याच हातानं झालं. बावीस वर्षं लोकायनं माझ्या हातचं पानी पेलं, बाबूजी. सुरुवातीले पेत नव्हते. एकेक करून पेले."

ती उठली, बरणी ट्रॉलीवर ठेवली आणि बाथरूमचा नळ घट्ट बंद करून आली. तो आधीच बंद होता.

दोन ते चार हे दोन तास मी कसे काढले ते मलाच माहीत. वरठीतली सगळ्यात मोठी बातमी माझ्या पोटात आणि शेजारी तुलाराम जागा झालेला. तो म्हणे, "काय बाबूजी, दुखून राहिलं काय?" मी म्हटलं, "हाव." खोटं नव्हतं. विमलाबाईच्या तेवढ्यात खिडक्या पुसून झाल्या, मग तिने त्याच खिडक्या पुन्हा पुसल्या.

चार वाजता जीवन आला, हातमोजे घालून, नळ्यांचा डबा घेऊन. डॉक्टर मागोमाग. त्याने बेसिनचा नमुना घेतला, साबणाचा घेतला, दीपमालाचे हात पुसून घेतले. तो ट्रॉलीकडे वळला तेव्हा विमलाबाई आडवी आली.

"साहेब, हे बरणी घ्या अगोदर. अन् तळाचं घ्या, वरचं नोका घेऊ. वरचं आज सकाळचं हाय. तळाचं दीड वर्षाचं."

डॉक्टरांना कळेना. तिने मग सगळं सांगितलं, जसं मला सांगितलं तसंच, फक्त उभं राहून आणि पडद्यापलीकडे पोचेल अशा आवाजात. सांगून झाल्यावर म्हणाली, "त्या पोरीले काही बोलू नोका. तिनं त भरलेलीच बरणी पाह्यली रोज."

डॉक्टरांचा चेहरा लाल झाला. "मावशी, कापसात मुरून औषध हलकं पडतं. तळाशी एकदा जंतू बसला की असलं हलकं औषध त्याला पचतं. तुम्ही रोज त्याला नवं खायला घालत होतात. ज्यानं जंतू पुसायचा त्यानंच तो लावत होतो आपण."

"हाव," ती म्हणाली. "म्हनून सांगून राहिली."

पडद्यापलीकडून कुजबुज आली, "मी म्हनलंच होतं हातात..." ती पुरी व्हायच्या आत रुखमिणीचा बारीक आवाज आला, "तू हात म्हनलं होतं, आनंदा. ते बरणी म्हनून राहिली. दोन्हीत फरक हाय."

डॉक्टर म्हणाले, "मी एकदाही झाकण उघडून पाहिलं नाही. वडिलांच्या वेळची मावशी, म्हणून." आणि विमलाबाईला म्हणाले, "रिपोर्ट येईपर्यंत वॉर्डातलं काम बंद. घरी जा."

घरी जाईल ती विमलाबाई कसली. बाहेरच्या बाकावर रजिस्टर घेऊन बसली, म्हणजे उभीच होती, आणि दीपमालाच्या फोनवरून गेलेल्या पेशंटांना एकेक लावू लागली. "मी मावशी बोलून राहिली. टाक्याले पानी हाय काय? ताप हाय काय? लपवू नको व, रागावनार नाही." सहा जणांत दोघांना त्रास निघाला. गुड्डी टाक्यांतलं पाणी आईची हळद लावून झाकत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या नवऱ्याने तिला आणली, ती चालत आली हे बरं झालं. आठवडाभर थांबली असती तर उचलून आणावी लागली असती, असं डॉक्टर म्हणाले.

बरणीच्या तळात तोच जंतू सापडला. दीपमालाच्या हातांवर काही नव्हतं. रुखमिणीचा ताप नव्या औषधावर तिसऱ्या दिवशी उतरला, नागपूर टळलं. विमलाबाईला सहा दिवसांनी कामावर घेतलं, पण औषध बनवायचं काम दीपमालाकडे गेलं आणि मोठ्या बरणीच्या जागी रोजच्या पुरत्या लहान बाटल्या आल्या. शहापुरात आनंदाबाईने सांगायचं ते सांगितलंच. दोन घरांनी महिनाभर विमलाबाईच्या हातचा चहा टाळला. हे मला मंगरूनं सांगितलं. रुखमिणीने बरी झाल्यावर रोवणीच्या जेवणाला तिला बोलावून पंगतीत पाणी वाढायला लावलं. हे मला आनंदाबाईनंच सांगितलं, फार तळतळून.

महिन्याने मी तपासायला गेलो. सकाळचे सात वाजले असतील. विमलाबाई बेसिनपाशी कालच्या बाटल्या उपड्या करत होती. औषध बनवायचं काम गेलं, पण सांडायचं काम तिने मागून घेतलं होतं. प्रत्येक बाटली उलटी करायची, बुडावर बोटांनी टक टक करायचं आणि हॉलकडे दाखवायची, "पाहा, रिकामी." सांडताना तोंड असं करी जसं कोणी तिचाच घास ओतून देत आहे.

मी म्हटलं, "अन् घरच्या तांदळाच्या पिंपाचं काय? तेबी उपडं करता काय आता?"

तिने पुढची बाटली उचलली. "ते सासूचं हाय, बाबूजी. तिथं कोनाचे टाके नाही पुसाचे." आणि टक टक.